मलिक अंबरचे दोन चेहरे

खुलताबादला मी वर्षातून दोन-तीनदा तरी जातो. जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यात सलाम करायचा आणि तिथून मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे चालत जायचं, हा ठरलेला क्रम. पिशवीत जाड कागदाची वही, दोन शिसपेन्सिली, जलरंगांची लहान डबी, एक ब्रश आणि पाण्याची बाटली असते. सावली बघून बसायचं आणि समोर जो माणूस निवांत बसला असेल त्याला कागदावर उतरवायचं. मी चित्रकार नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. पण वाचून जे कळत नाही ते कधीकधी काढून कळतं, असा माझा अनुभव आहे.

गेल्या थंडीत एक बुजुर्ग उन्हात बसले होते. डोक्याला मफलर, अंगावर जुनी शाल, हातात काठी. मी लांबून त्यांना काढत होतो. नाकाची रेघ दोनदा चुकली. तिसऱ्यांदा वर पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते.

“क्या उतार रै बेटे?”

मी वही घेऊन त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ चित्र न्याहाळलं. मग म्हणाले, “नाक तो मेराच है. पन ये हू कौन मैं? नीचे कुछ लिखा नै.”

मला हसू आलं. पण त्यांचा हा प्रश्न नंतर कितीतरी दिवस माझी पाठ सोडत नव्हता. कारण आम्ही दोघं ज्याच्या मकबऱ्याजवळ बसलो होतो, त्या माणसाच्या चेहऱ्याची गोष्ट मला माहीत होती.

एक दरबार, दोन चित्रं

मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अखेर दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, त्याचंच पुढे औरंगाबाद झालं. जहांगीरच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. बादशहाचा त्याच्यावरचा राग इतका होता की, आपल्या आत्मचरित्रात तो अंबरचं नाव शिवी जोडल्याशिवाय क्वचितच घेतो आणि त्या शिव्या बहुतेक वेळा त्याच्या काळ्या रंगावरून आहेत.

हा राग एका चित्रातही उतरला. साधारण १६१६ च्या सुमाराला अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक तसबीर काढली. आज ती डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. तिच्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलावर आणि बैल माशावर. बादशहाने धनुष्य ताणलंय आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं तोडलेलं मुंडकं आहे. त्यावर घुबड बसलंय. कारागिरी अप्रतिम आहे. फक्त असं काही घडलं नव्हतं. अंबर जिवंत होता आणि पुढची दहा वर्षं तो मुघलांना पुरून उरला. १६२६ मध्ये तो वारला, तोही बादशहाच्या बाणाने नव्हे. अबुल हसनने अंबरला काढलं नाही, बादशहाची इच्छा काढली.

त्यानंतर चारेक वर्षांनी, १६२० च्या आसपास, हाशिम नावाच्या चित्रकाराने मलिक अंबरची शबीह काढली. व्यक्तिचित्राला मुघल दरबारात ‘शबीह’ म्हणत. दख्खनी माणसांचे चेहरे काढण्यात हाशिमचा हातखंडा होता. हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात घुबड नाही, भाला नाही, पृथ्वीचा गोल नाही. पांढऱ्या जाम्यातला, वयाने भरलेला एक माणूस एका बाजूने उभा आहे, हातात लांब तलवार. रंग काळा आहे, पण तो कलंक म्हणून रंगवलेला नाही. तो त्या माणसाचा रंग आहे. ओठ, कपाळ, सुटलेलं पोट सगळं जसंच्या तसं. चित्र शत्रूचं आहे, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दरबार तोच, माणूस तोच, काळही जवळपास तोच. एका हाताने द्वेष काढला आणि दुसऱ्या हाताने माणूस. हा फरक कुठून आला, हे शोधताना मला माणसं समोर बसवून काढण्याचा आपल्याकडचा सगळा इतिहासच चाळावा लागला.

तसबीर, शाई, कलम, कागद

आधी एक अडचण बाजूला करतो, कारण ती मला लहानपणापासून भेटत आलीय. शाळेत मी एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा दिली होती. स्मरणचित्राच्या पेपरात माणसं काढावी लागतात. मी घरी बाजाराचं दृश्य काढून सराव करत होतो, तेव्हा मक्तबच्या मौलवीसाहेबांनी अब्बांना समजावलं, “बच्चे को झाड-पहाड निकालने दो, आदमी नै.” अब्बा वाद घालणारे नव्हते. मी एलिमेंटरी पास झालो, पण इंटरमिजिएटला बसलो नाही.

मौलवीसाहेब मनाने काही सांगत नव्हते. हदीसमध्ये सजीवांच्या प्रतिमा करण्याविरुद्ध कडक इशारे आहेत. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितलं, असा प्रसंग बुखारी शरीफमध्ये येतो. पुढे फकिहांनी यावर पुष्कळ चर्चा केली. सावली पडते अशी मूर्ती वेगळी आणि कागदावरचं सपाट चित्र वेगळं, असा भेद काहींनी मानला, काहींनी नाकारला. हा मतभेद आजही आहे आणि तो सोडवण्याचा अधिकार माझा नाही.

पण इतिहास एवढं नक्की सांगतो की, हा वाद मुसलमानांनी आपापसात उघडपणे केला आणि चित्रंही काढली. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये तसबीरखान्यावर लिहिताना अकबराचं मत नोंदवलंय. चित्रकलेचा तिरस्कार करणारे लोक बादशहाला आवडत नसत. त्याचं म्हणणं असं की, चित्रकाराला तर खुदाची ओळख वेगळ्या वाटेने होते. एकेक अवयव काढत तो शेवटाला पोहोचतो आणि त्याला कळून चुकतं की यात प्राण घालणं आपल्या हातात नाही. मी स्वतः त्या बुजुर्गांचे डोळे काढताना हे अनुभवलंय. बुबुळ जागेवर आलं, पापणी आली, तरी नजर काही येईना.

अकबर स्वतः चित्रकारांसमोर बसला आणि त्याने दरबारातल्या लोकांचेही चेहरे काढून घेतले. त्याचा मोठा ग्रंथ तयार झाला. मेलेली माणसं त्यात पुन्हा जिवंत झाली, अशा आशयाचं अबुल फजल लिहितो. याच तसबीरखान्यात इराणहून आलेले मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद होते, तसाच दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगाही होता. हे पोर भिंतींवर चित्रं काढत असे. अकबराच्या नजरेला ते पडलं आणि त्याने त्याला अब्दुस्समदच्या हाताखाली दिलं.

या परंपरेचा माग मराठीत अजून शिल्लक आहे. तसबीर हा शब्द अरबीतल्या ‘तस्वीर’चा. शाई म्हणजे ‘सियाही’. कलम, कागद, चेहरा हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. एखाद्याचं चित्र चांगलं जमलं की आपण ‘हुबेहूब’ म्हणतो, तोही फारसीतला ‘हूबहू’. घराच्या भिंतीवर देवाची किंवा थोरामोठ्यांची तसबीर टांगणाऱ्या मराठी माणसाला आपण मुघल तसबीरखान्यातला शब्द वापरतोय, याची आठवण असायचं कारणही नाही. भाषा अशीच नांदते.

मरणाऱ्या माणसासमोर

जहांगीरला चित्रांचा नाद बापापेक्षाही जास्त. कोणतं चित्र कुणी काढलं हे आपण नुसतं पाहून सांगतो, असा त्याचा दावा होता. बिशनदास हा चेहरे काढण्यात सगळ्यांत पटाईत, म्हणून त्याने त्याला खान आलमच्या वकिलातीबरोबर थेट इराणला पाठवलं, शाह अब्बासचा चेहरा समोरून काढून आणायला. बिशनदास परतल्यावर बादशहाने खूश होऊन त्याला हत्ती बक्षीस दिला. एक हिंदू चित्रकार शिया बादशहाचा चेहरा काढायला सुन्नी बादशहाच्या हुकमाने जातो, ही गोष्ट त्या दरबाराला विशेष वाटली नव्हती.

पण समोर बसवून काढलेल्या चित्रांतलं सगळ्यांत हादरवणारं चित्र १६१८ चं आहे. इनायत खान हा बादशहाच्या जवळचा सरदार. अफू आणि दारूने त्याची पार वाताहत झाली होती. त्याने आग्र्याला जायची परवानगी मागितली, तेव्हा जहांगीरने त्याला समोर आणवलं. पालखीतून आणलेल्या त्या देहाकडे पाहून बादशहा थक्क झाला. हाडांवर नुसती कातडी उरली होती. जहांगीरने दोन गोष्टी केल्या. वाटखर्चाला दोन हजार रुपये दिले आणि चित्रकारांना त्याची शबीह काढायला सांगितलं. इनायत खान दुसऱ्याच दिवशी वारला.

त्या प्रसंगाची दोन चित्रं उरलीत. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात कच्चं रेखाटन आहे आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात रंगवलेलं चित्र. लोडांना टेकून बसलेला माणूस, उघडी छाती, मोजता येतील अशा बरगड्या, खोल गेलेले डोळे. मला कच्चं रेखाटन जास्त भिडतं. तिथे रेघ अजून हलतेय. काढणाऱ्याच्या हाताला घाई आहे, कारण समोरचा माणूस निघाला आहे.

हे चित्र काढणं योग्य होतं का? इनायत खानाला कुणी विचारलं होतं? मला शंका आहे. मरणाऱ्याला बघण्याची हौस आणि त्याच्यावरची माया यांतली सीमा इथे पुसट होते. आज अपघात झाला की मोबाइल वर निघतात, ते आठवतं. तरीही त्या मोबाइलमधल्या चित्रफितींत आणि या रेखाटनात एक फरक मला दिसतो. चित्रकाराला त्या बरगड्या एकेक करून काढाव्या लागल्या. एवढा वेळ कुणाकडे पाहत राहिलं की नजर आपोआप नरम पडते. आणि त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे. नावामुळेच आपण चारशे वर्षांनी त्याच्यासाठी हळहळू शकतो.

दिल्लीच्या वेशीवरचे लोक

इथपर्यंत सगळे चेहरे बादशहा, सरदार आणि वकिलांचे. साधी माणसं समोर बसून काढली गेली ती दोनशे वर्षांनी आणि तीही एका इंग्रजी कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी.

विल्यम फ्रेझर हा स्कॉटलंडचा. कंपनीच्या नोकरीत दिल्लीला आला. त्याचा भाऊ जेम्स स्वतः डोंगरदऱ्यांची चित्रं काढायचा, पण माणसं काढायला भावांनी इथले चित्रकार ठेवले. १८१५ ते १८१९ च्या काळात नव्वदहून अधिक जलरंग चित्रं तयार झाली. यातली उत्तम चित्रं दिल्लीच्या गुलाम अली खान यांच्या घराण्यातल्या चित्रकारांची असावीत, असं अभ्यासक मानतात. मुघल दरबार तेव्हा लाल किल्ल्यापुरता उरला होता. पोटासाठी या कलावंतांनी नवे गिऱ्हाईक धरले आणि नवं साहित्यही. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावरचे दाट रंग मागे पडले. त्यांच्या जागी विलायती कागद, पेन्सिलीची बारीक रेघ आणि पाण्यात पातळ केलेला रंग आला. मागे देखावा नाही, महाल नाही. कोऱ्या कागदावर फक्त माणूस.

आणि काय माणसं आहेत ती! हरियाणाच्या गावांतले जाट आणि गुजर, मेवाती, अफगाण घोडेव्यापारी, फकीर, नाचणाऱ्या बाया, फौजेत भरती व्हायला आलेले खेड्यातले तरुण. एकाची दाढी विस्कटलेली, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर संशय, तिसरा उगाच छाती काढून उभा. कित्येक चित्रांवर त्यांची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. हिंदुस्थानच्या इतिहासात असे लोक एरवी फक्त सारावसुलीच्या आकड्यांत भेटतात. इथे ते डोळ्यांत डोळे घालून बघतात.

फ्रेझर संत नव्हता. त्याने याच मुलखात महसूल बसवला होता. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि त्या गुन्ह्यासाठी फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन यांना फाशी दिलं गेलं. शायर दाग देहलवी हे या नवाबांचे चिरंजीव, तेव्हा चार वर्षांचे होते. चित्रं मात्र स्कॉटलंडला गेली, घराण्याच्या कागदपत्रांत पडून राहिली आणि १९७९ मध्ये उजेडात आली. पुढच्याच वर्षी त्यांचा लिलाव झाला, आता ती जगभर पांगली आहेत. यातली उलटी बाजू अशी की, चित्रांत बसणाऱ्यांची नावं उरली, पण काढणाऱ्यांनी आपली सही केली नाही.

आपल्या पुण्यातही थोडं आधी असंच घडत होतं. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट हा इथलाच कलावंत वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा प्रत्यक्ष पाहून काढत होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्यासमोर नाना फडणवीस बसले. नानांचा चेहरा आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो त्या बैठकांमुळे.

माणूस आणि नमुना

मग घसरण सुरू झाली. १८२५ मध्ये कर्नल जेम्स स्किनर याने हांसीला ‘तशरीह-उल-अकवाम’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. त्यात एकेक जात, जमात आणि पेशा यांची माहिती आणि चित्रं आहेत. चित्रं सुंदर आहेत, पण इथे माणूस ‘अमक्या जातीचा माणूस’ होतो. १८५७ च्या उठावानंतर हे काम कॅमेऱ्याकडे गेलं. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. शेकडो छायाचित्रं आणि शेजारी त्या त्या जमातीच्या स्वभावाचं वर्णन: हे भांडखोर, ते आळशी, हे विश्वासघातकी. छायाचित्रात माणूस खराखुरा समोर बसलेला आहे, कॅमेरा खोटं बोलत नाही आणि तरी तो माणूस तिथे नाही. नाव गेलं, त्याच्या जागी नमुना आला.

नाव गेलं की चेहरा कुणाचाही होऊ शकतो. निकोलाव मनुची याच्या ग्रंथातलं एक चित्र आपल्याकडे बराच काळ शिवाजी महाराजांचं म्हणून चालत होतं. ते इब्राहिम खानाचं आहे, हे इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिलं आणि महाराजांचं अस्सल चित्र लोकांसमोर आणलं. एका मुसलमान सरदाराचा चेहरा महाराष्ट्राने इतकी वर्षं भक्तिभावाने पाहिला, यात मला गंमतही वाटते आणि थोडं बरंही वाटतं. पण संशोधक म्हणून बेंद्र्यांचं मोल मोठं आहे. त्यांनी दोघांनाही आपापला चेहरा परत दिला.

आज आमच्या वाट्याला पुन्हा नमुनाच आलाय. वर्तमानपत्रात मुसलमानांविषयी बातमी असली की शेजारी पाठमोऱ्या टोप्यांची रांग नाहीतर बुरख्यातल्या बायांचा घोळका. व्यंगचित्रात दाढी, टोपी, लुंगी आणि वटारलेले डोळे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रांबद्दल तर बोलायलाच नको. ही चित्रं काढणाऱ्याने कुणालाही समोर बसवलेलं नसतं. अबुल हसनसारखीच ती कुणाच्या तरी इच्छेची चित्रं असतात, फक्त त्याच्या हातातली कारागिरी यांच्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही दुसऱ्यांचे असे नमुने करतोच. शेंडी, टिळा किंवा निळा झेंडा दिसला की आपल्याही डोक्यात चित्र आधीच तयार असतं.

म्हणून मला हाशिमचं मोठेपण वाटतं. मालकाचा द्वेष त्याला माहीत नसेल असं होणार नाही. पण त्याने तो आपल्या हातापर्यंत येऊ दिला नाही. शत्रूचं नाकही नाकासारखंच काढावं लागतं, एवढीच त्याची निष्ठा. इतिहास लिहिणाऱ्याने ती शिकून घ्यावी.

त्या बुजुर्गांचं चित्र मी तिथेच पूर्ण केलं. शालीला पातळ तपकिरी रंग दिला, सावलीत थोडा निळा मिसळला. रंग वाळेपर्यंत ते आपल्या गावाविषयी बोलत राहिले. ऐन जवानीत त्यांनी मोसंबीची बाग लावली होती, दुष्काळात ती जळाली. मग मी त्यांना विचारून चित्राखाली त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी वडिलांचं नाव जोडायला सांगितलं, मग गावाचं. वाचून दाखवायला लावलं. गावाच्या नावातली एक चूक दुरुस्त करून घेतली.

“हा, अब मैं हू,” ते म्हणाले.

मी त्यांचं नाव इथे देत नाही. ते त्यांनी मला दिलंय, तुम्हाला नाही. पण वहीत ते पक्क्या शाईने लिहिलेलं आहे.